तंजावरची राखण

गेल्या आश्विनात तंजावरहून माझ्या आत्याचा फोन आला. एरवी ती आधी माझ्या प्रकृतीची, मग पावसाची चौकशी करावयाची. त्या दिवशी तिने एकदम सांगितले, "अरे, भिंतीवरचा कृष्ण गेला."

आत्याचे घर जुन्या किल्ल्याच्या आतल्या वस्तीत आहे. तिच्या सासरची माणसे भोसल्यांच्या दप्तरात कारकुनी करीत आली आणि राज्य गेल्यावरही तेथेच राहिली. घरात ओटा, देवडी, चौक, माजघर, परसू असा सगळा जुना थाट आहे. राहणारी मात्र आता ती एकटी, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेली. गेलेला कृष्ण म्हणजे चौकालगतच्या बंद खोलीतले तंजावरी चित्र. फणसाच्या फळीवर कापड डकवून त्यावर खडूचा उठाव केलेला, अंगावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. नवरात्राच्या साफसफाईसाठी खोली उघडली, तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता.

तक्रार नोंदविताना तिला तीन प्रश्न विचारले गेले. चित्र कधीपासून दिसत नाही? केवढे होते? छायाचित्र आहे काय? पहिल्याला उत्तर नव्हते, कारण खोली तीन महिने उघडली नव्हती. दुसऱ्याला तिने दोन्ही हात फाकवून दाखविले. तिसऱ्याला ती गप्प राहिली. तक्रारीत लिहिले गेले : कृष्णाचे एक जुने चित्र, मोठे. तंजावरात या वर्णनाने चित्र शोधणे म्हणजे पंढरपुरात टाळकरी शोधण्यासारखेच!

माझा आत्येभाऊ अमेरिकेत असतो. त्याने तत्काळ कॅमेरा घेऊन पाठविला आणि तो बसविण्याचे काम रजा काढून मी पत्करावे असे ठरले. ते काम करीत असता मोकळ्या वेळी मी गावातून हिंडत होतो. राखण ही गोष्ट तंजावराने हजार वर्षे कशी केली, हे त्या हिंडण्यात थोडेबहुत ध्यानात आले. तेच आज सांगावयाचे आहे.

राजवाड्यात शिरले की एखाद्या देवळाच्या शिखरासारखा आठ मजली मनोरा दिसतो. याला कूडगोपुरम म्हणतात. उंची सुमारे १९० फूट. येथे शस्त्रागार होते आणि माथ्यावर टेहळणी. १८५५ मध्ये राज्य खालसा होईपर्यंत येथून पहारा चालत असे. तंजावरचा मुलूख सपाट. कावेरीच्या फाट्यांमधून दूरवर भातशेते पसरलेली. अशा मुलखात डोंगरी किल्ला मिळावयाचा नाही, म्हणून नजरेसाठी उंची विटांनी रचावी लागली. समुद्रकाठी मल्लिपट्टणम् येथे दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला मनोरा आहे. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे ते स्मारक. पण दीपगृह म्हणूनही त्याचा उपयोग झाला. तमिळ मुलखातल्या त्या इमारतीचे नावच आजतागायत 'मनोरा' राहिले आहे, याचे मराठी माणसाला कौतुक वाटावे.

उंचावरून शत्रूची फौज दिसते. फणसाची फळी काखेत घेऊन चौकातून बाहेर पडणारा मनुष्य दिसत नाही. त्यासाठी निराळी व्यवस्था लागते, आणि ती कशी असावी याचा पाठ बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरलेला आहे.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० च्या सुमारास पुरे केले. जोत्यावरील आणि ओवऱ्यांतील शिलालेख वाचू लागलो, की धर्मग्रंथ वाचतो आहोत की सरकारी जडसंग्रहाची नोंदवही, असा प्रश्न माझ्यासारख्या नोकरशहाला पडतो. कोणत्या गावाने देवळासाठी किती राखणदार पुरवावयाचे, ते लिहिले आहे. त्यांना 'तिरुमेय्काप्पु' म्हणत. खजिनदार कोणी द्यावयाचे, हिशेबनीस कोणी, तेही लिहिले आहे. पण मला अधिक मोलाची वाटली ती पुढची यादी. देवाला वाहिलेले सोने 'आडवल्लान' नावाच्या ठरलेल्या वजनाने तोलले आहे. दागिन्यांतले मोती मोजले आहेत आणि डागाळलेले मोती डागाळलेले म्हणून लिहिले आहेत. देवाला दिलेल्या वस्तूचा दोषही लपवावयाचा नाही, ही त्या काळच्या हिशेबनिसांची शिस्त पाहून मान लवते.

या देवळाचा कारभार पाहणारा एक अधिकारी होता, आदित्तन् सूर्यन् ऊर्फ तेन्नवन् मूवेन्दवेळान्. त्याने राजराज आणि राणी लोकमहादेवी यांच्या तांब्याच्या मूर्ती करून देवळात ठेविल्या. ते शिलालेखात नमूद करताना त्याने राजाची स्तुती आवरती घेऊन मूर्तीची उंची दिली : पायापासून केसांपर्यंत एक हात आणि साडेचार बोटे. हा लेख राजराजाच्या एकोणतिसाव्या राज्यवर्षापर्यंतच्या नोंदींपैकी आहे, म्हणजे १०१४ च्या आसपासचा. पुढे गेल्या शतकात कधीतरी या मूर्ती देवळातून नाहीशा झाल्या. तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी-तपास पथकाने २०१८ मध्ये अहमदाबादच्या एका खाजगी संग्रहालयातून दोन मूर्ती तंजावरास आणल्या. याच त्या, असे पथकाचे म्हणणे होते, आणि या प्रकरणात मूवेन्दवेळानचा लेख पुन्हा वाचला गेला. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाने वीतभर जास्त लिहिले, ते कामास आले. त्या देवळाचे राखणदार कोण होते, कोठे झोपत होते, हे आज कोणालाच ठाऊक नाही.

देवळाबाहेर, गावोगाव, राखणीची तऱ्हा निराळी होती. तिला कावल म्हणत. आपल्याकडे जागल्या आणि रामोशी होते तसाच हा प्रकार. कावलकाराला गावाकडून धान्य व पैसा मिळे. त्याच्या बदल्यात त्याने नुसते जागे राहावयाचे नसून, चोरी झाल्यास माल शोधून द्यावयाचा किंवा भरपाई करावयाची असे. आपल्याकडेही माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला म्हणजेच जबाबदारी सुटे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. कावलाचे पैसे न देणाऱ्याच्या गोठ्यातली गुरे चमत्कारिक रीतीने नाहीशी होत आणि पैसे दिले की तितक्याच चमत्कारिक रीतीने परत येत. कंपनी सरकारने ही पद्धत मोडून १८१६ च्या कायद्याने गावचा पाटील आणि तलैयारी यांना पोलिसी कामात बांधून घेतले. त्यात जुलूम गेला, तशी भरपाईही गेली. त्यानंतर राखणदाराकडून नुकसान भरून मिळेल, अशी अपेक्षा आपण सोडूनच दिली आहे. कॅमेऱ्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरातली मजकुराची पाने मी वाचली. चोरी झाल्यास कंपनी जबाबदार नाही, हे त्यात तीन ठिकाणी आहे.

राखणीचा सर्वांत कटू प्रसंग राजवाड्यातच घडला. शेवटचे राजे शिवाजी १८५५ च्या ऑक्टोबरात पुत्रहीन वारले. पुढच्या वर्षी कंपनीच्या वतीने फोर्ब्ज नावाचे अधिकारी शिपाई घेऊन आले. त्यांनी राजवाड्यातल्या मालमत्तेवर मोहोरा केल्या आणि दारावर पहारा बसविला. कामाक्षीबाई राणीसाहेबांनी दाद मागितली. प्रकरण विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८५९ मध्ये निकाल लागला की हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. दारावर पहारेकरी उभा आहे, एवढ्यावरून तो घरच्यांच्या बाजूचा आहे असे समजू नये. पहारा कोणाच्या हुकमाने बसला, हे आधी विचारावे लागते. ही गोष्ट मला पुढे आत्याच्या माजघरात पुन्हा आठवली.

त्या पडझडीतून सरस्वती महाल ग्रंथालय वाचले. त्यात सरफोजी राजांच्या एका सवयीचा वाटा लहान नाही. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने संस्कृत पोथ्यांबरोबर इंग्रजी ग्रंथही जमविले आणि पुस्तकांवर आपली सही केली. पुढे तंजावरात न्यायाधीश असलेल्या बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची केली. ती १८८० मध्ये छापून निघाली. नोकरी सांभाळून एका मनुष्याने केलेले हे काम पाहिले, की आपल्या फायलींकडे पाहावेसे वाटत नाही. असो.

राजाच्या सहीचा उपयोग केव्हा झाला ते ऐकण्यासारखे आहे. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत झीगेनबाल्ग यांनी नव्या कराराचा तमिळ अनुवाद छापला, त्याला १७१५ साल उजाडले. त्याची एक प्रत राजांच्या संग्रहात होती. २००५ च्या ऑक्टोबरात ती राजवाड्यातल्या संग्रहालयातून नाहीशी झाली. तक्रार झाली, तपास लागला नाही, फाइल बंद पडली. २०१७ मध्ये प्रकरण मूर्तिचोरी पथकाकडे गेले. त्या पथकाने संग्रहालयातली आल्यागेल्यांची नोंदवही उघडून त्या आठवड्यात कोण कोण येऊन गेले ते पाहिले. मग परदेशी संग्रहांची संकेतस्थळे चाळली. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर त्यांनी जाहीर केले की लंडनमधील एका संग्रहात ती प्रत दिसते आणि तिच्यावर सरफोजींची सही आहे. त्याच संग्रहातले सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे एक चित्रही असेच परदेशी गेले होते. अमेरिकेतल्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाने ते २००६ मध्ये विकत घेतले आणि चोरीचा संशय उघड झाल्यावर २०१५ मध्ये तेथील सरकारच्या स्वाधीन केले. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून देवळांतल्या मूर्तींची छायाचित्रे काढून ठेविली. त्यांची संख्या लाखावर आहे. परदेशी गेलेल्या किती तरी मूर्तींची ओळख त्या छायाचित्रांवरून पटली आहे. ती काढणाऱ्यांना राखणदार म्हणून कोणी नेमले नव्हते.

आता त्या बिनतारी डोळ्याकडे वळतो.

दुरून पाहणाऱ्या यंत्राचा जन्म युद्धात झाला. १९४२ मध्ये जर्मनीत पीनेम्युंडे येथे अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहता यावे म्हणून असे कॅमेरे लावले होते. घराच्या दाराशी तो आणण्याची कल्पना मात्र सेनापतीची नव्हे, एका परिचारिकेची. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांना अवेळी घरी एकटे असताना भय वाटे आणि पोलीस वेळेवर येत नसत. पतीच्या साहाय्याने त्यांनी दाराला एकाखाली एक चार भोके ठेवून त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा बसविण्याची योजना केली. चित्र बिनतारी मार्गाने आतल्या खोलीत दिसावे, दाराबाहेरच्याशी बोलता यावे, आणि कळ दाबून दार उघडता यावे, हे सगळे त्यात होते. १९६६ मध्ये अर्ज आणि १९६९ च्या डिसेंबरात एकस्व. आत्याला ही हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "एकटीच असणार ती. दुकटीला असले सुचत नाही."

आपल्या देशात या उपकरणांची वाट मोकळी झाली ती एका अधिसूचनेने. रेडिओचा संच घरात ठेवण्यासाठीसुद्धा टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने परवानामुक्त केला आणि घरोघर बिनतारी जाळे उभारणे सोपे झाले. याच वर्षी ऑक्टोबरात तंजावरातून ते पुस्तक गेले, हा केवळ योगायोग.

या पट्ट्यातील लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिची आणि तंजावरच्या भिंतीची गाठ कशी पडते, ते मला पहिल्याच दिवशी कळले. माजघरात दूरदर्शन संचाशेजारी राउटर होता आणि देवडीत कॅमेरा. मध्ये वीट आणि चुन्याच्या हातभर रुंद दोन भिंती. चित्र अडखळत येई. दूधवाला ओट्यावर एक पाय ठेवी आणि दुसरा ठेवण्याच्या आत अंतर्धान पावे. नव्या राउटरमध्ये पाच गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही असतो. तो वेगवान खरा, पण भिंत भेदण्यात अधिक दुबळा, आणि आमचा कॅमेरा तो ओळखतही नव्हता. माझा फोन मात्र आपणहून त्याच पट्ट्यावर जाऊन बसे. त्यामुळे दोघांची ओळखच होईना. फोन हाताने धीम्या पट्ट्यावर आणला तेव्हा जोडणी झाली. मग राउटर माजघरातून काढून चौकाच्या तोंडाशी, उघड्या दारांच्या रेषेत ठेविला. जुनी घरे बांधणाऱ्यांनी वाऱ्यासाठी दारे एका ओळीत ठेविली होती. त्याच वाटेने लहरही गेली.

पुढच्या अडचणी किरकोळ, पण न सांगितल्या तर ऐकणाऱ्याचा दिवस खाणाऱ्या. घर पूर्वाभिमुख असल्याने सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे तोंड काळे दिसे. कॅमेरा दारासमोरून काढून बाजूच्या खांबावर घेतला. रात्री तो अवरक्त किरण सोडतो. जवळच्या पांढऱ्या भिंतीवरून ते उलटून सगळे धुके होई, म्हणून त्याचे तोंड चार बोटे बाहेर ओढले. त्या अदृश्य उजेडाजवळ किडे येतात आणि किड्यांमागे कोळी. जाळे दर आठवड्याला फडक्याने पुसावे लागते. ईशान्य मोसमी पावसात वीज जाते, त्या वेळी कॅमेऱ्यासाठी ठेविलेली बॅटरी निरुपयोगी ठरते, जर राउटरलाही बॅटरी नसेल. हे मला दुसऱ्या संध्याकाळी अंधारात बसून उमगले.

कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द न बदलणे, ही सर्वांत मोठी चूक. परवल हा शब्दच पहाऱ्याचा. रात्री किल्ल्याच्या दाराशी येणाऱ्याला चौकीदार परवल विचारी, आणि ती रोज बदलत असे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका दुष्ट कार्यक्रमाने जगभरचे लक्षावधी कॅमेरे व राउटर आपल्या ताब्यात घेतले. त्यांचे मालक कारखान्याचाच शब्द चालवीत होते, एवढेच त्याला पुरले. आत्याला म्हटले, "शब्द तुम्हीच ठरवा, मलाही सांगू नका." तिने बोटाने एकेक अक्षर दाबून तो घातला. मी पाठ करून उभा राहिलो.

याच ठिकाणी आत्येभावाचे आणि तिचे वाजले. त्याला दुसरा कॅमेरा माजघरात हवा होता. ती पडली, औषध विसरली, तर इतक्या दूरवर कळणार कसे? त्याची काळजी खोटी नव्हती. फोनवर त्याचा आवाज भरून आला होता. आत्या शांतपणे म्हणाली, "बाळ, दारावर बसव. आत नको. मी चोर नव्हे." मला फोर्ब्जसाहेबाचा पहारा आठवला, तो तेव्हा. मुलाच्या प्रेमाची तुलना कंपनीच्या शिपायांशी करणे अन्यायाचे आहे, हे कबूल. पण ज्याच्या घरावर पहारा बसतो त्याची संमती हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे. अखेर माजघरासाठी कॅमेऱ्याऐवजी गळ्यात अडकविण्याची बिनतारी घंटी घेतली. दाबली की शेजारच्या घरी वाजते. भाऊ अद्याप पुरता राजी नाही.

कॅमेरा नीट चालू झाला त्या रात्री मी त्याच्या स्मरणाचा हिशेब केला. त्याच्या कार्डात आठ दिवसांची चित्रे मावतात. नवव्या दिवशी तो पहिला दिवस पुसून त्यावर लिहितो. बंद खोली तीन महिन्यांनी उघडली होती. म्हणजे हा डोळा तेव्हा देवडीत असता, तरी कृष्णाला बाहेर नेणारा त्याने पाहून, विसरूनही गेला असता.

मी हे आत्याला सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळेची शंभरपानी वही मागविली आणि आम्ही यादी करावयास बसलो. देवघरापासून आरंभ केला. बाळकृष्ण पितळी, उंची साडेतीन बोटे, उजव्या कानाला खोच. समई, दोन, एकीचे टोक वाकलेले. चांदीचे तबक, मागे सासऱ्यांचे नाव मोडीत कोरलेले. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेतले, बाजूला मोजपट्टी ठेवून. तिला जमिनीवर बसणे जड जाते, म्हणून ती चौकीवर बसून सांगत होती आणि मी लिहीत होतो. दोष लिहू नये असे मला एकदा वाटले. "लिही," ती म्हणाली, "खोचेवरूनच ओळखू येतो तो."

शेवटी आम्ही बंद खोलीत गेलो. भिंतीवर चुन्याचा रंग धुराने पिवळा पडला होता. चित्र होते तेवढाच चौकोन मात्र पांढरा राहिला होता, कडा सुरीने कापाव्या तशा स्वच्छ. मी मोजपट्टी लावली. उंची छपन्न सेंटिमीटर, रुंदी एकेचाळीस. खिळ्यापासून वरची कड सात. डाव्या खालच्या कोपऱ्याशी चौकटीला वाळवी लागली होती, हे तिला त्या पांढऱ्या भागाची तुटकी कड पाहून आठवले. ते सगळे एका कागदावर लिहून, चौकोनाचे छायाचित्र जोडून, तिने सही केली. रिक्षा करून आम्ही पुरवणी जबाब द्यावयास पोलीस ठाण्यात गेलो.